शिवेवरचा माणूस कोणाचा?



पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायचे, असा निश्चय आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी केला असेल. उत्पत्ती आणि निर्गम ही पुस्तके उत्साहात वाचून होतात. लेवीय आणि गणना येथे वेग मंदावतो. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोच्या तटाची गोष्ट येते आणि पुन्हा रंग भरतो. पण तेराव्या अध्यायापासून पुढे गावांच्या व शिवांच्या नुसत्या याद्या सुरू होतात. अमुक झरा, तेथून वळून तमुक डोंगर, मग ओढा, मग समुद्र. येथे बहुतेक जण पाने उलटतात. रविवारच्या मिस्सेतही हे अध्याय आपल्या कानावर पडत नाहीत.

आज आम्ही मुद्दाम त्याच पानांवर थांबणार आहोत. कारण या कंटाळवाण्या वाटणाऱ्या याद्यांमध्ये एक असा प्रश्न दडलेला आहे, जो आपल्या घरात, शेतात, रस्त्यावर आणि धर्मग्रामातही रोज उभा राहतो. माझी हद्द जेथे संपते, तेथे माझी जबाबदारीही संपते काय?

एक शीव, दोन वर्णने

यहोशवाच्या पंधराव्या अध्यायात यहूदा वंशाच्या वाट्याला आलेल्या भूमीची सीमा सांगितली आहे. तिची उत्तरेकडची शीव यार्देन नदी जेथे क्षार समुद्राला मिळते तेथून निघते व पश्चिमेकडे जाते. वाटेत बेथ-अराबा लागते, बोहनची शिला लागते, अदुम्मीमची चढण लागते. मग एन-शेमेश व एन-रोगेल हे झरे, हिन्नोमचे खोरे, यरुशलेमचा दक्षिण उतार आणि पुढे किर्याथ-यारीम. तीन अध्याय सोडून अठराव्या अध्यायात गेलो की बन्यामीन वंशाची दक्षिण शीव दिली आहे. ती हीच शीव आहे. फरक एवढाच की ती किर्याथ-यारीमपासून निघून पूर्वेकडे, क्षार समुद्राकडे येते. एकाच बांधावरून एकदा या शेतकऱ्याने चालून दाखवावे आणि एकदा त्या शेतकऱ्याने, तसे हे झाले आहे.

या शिवेवरच्या खुणा साध्या आहेत. झरे, चढ, खोरे आणि एक दगड. तो दगड रऊबेनाचा मुलगा बोहन याच्या नावाने ओळखला जात होता. हा बोहन कोण, त्याने काय केले, याविषयी पवित्र शास्त्र दुसरा एक शब्दही सांगत नाही. त्याचे नाव उरले ते शिवेवरच्या त्या एका दगडापुरते.

अशा खुणांचे मोल त्या काळी फार होते. मोशेच्या नियमशास्त्रात शेजाऱ्याची मेर सरकवू नये अशी आज्ञा आहे (अनुवाद १९). पुढे सत्ताविसाव्या अध्यायात मेर सरकविणाऱ्याला शाप दिला आहे आणि सर्व लोकांनी त्यावर 'आमेन' म्हणायचे आहे. नीतिसूत्रे हे पुस्तक अनाथांच्या शेतात शिरू नका असे बजावते. होशेय संदेष्टा तर यहूदाच्या सरदारांनाच मेर सरकविणाऱ्यांच्या पंक्तीत बसवितो. दगड सरकविणे ही रात्रीच्या अंधारात, एकट्याने, हळूहळू करण्याची चोरी आहे. ती सिद्ध करणे कठीण. म्हणूनच तिच्याविरुद्ध सर्व समाजाकडून 'आमेन' वदवून घेतले आहे.

आपल्या मातीतील शिवा

हे सारे आपल्याला परके वाटू नये. भोरहून महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, निरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने जाताना हिर्डोशी हे गाव लागते. पुढे शिरगाव, तेथे निरा नदीचा उगम आहे. त्याच्याही पुढे वरंधा घाट उतरला की आपण पुणे जिल्ह्यातून रायगड जिल्ह्यात जातो. घाटमाथ्याच्या अलीकडे पडलेले पावसाचे पाणी निरेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते. पलीकडे पडलेले पाणी सावित्रीवाटे पश्चिमेच्या समुद्राला जाते. देवाने आखलेली शीव म्हणावी तर ती अशी.

या भागाला इतिहासात हिरडस मावळ म्हणत. बांदल हे त्याचे देशमुख. शेजारच्या रोहिड खोऱ्याचे देशमुख कारीचे जेधे. मावळातील वतने, शिवा आणि मान यांवरून त्या काळी जे तंटे होत, त्यांत रक्तही सांडे. असे तंटे मिटविण्यासाठी गोतसभा बसे. आजूबाजूच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमत. साक्षी होत. निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि ज्यांना सही करता येत नसे ते आपापल्या धंद्याची खूण करीत. पाटील नांगर काढी, न्हावी आरसा काढी. जेथे कागद नसे आणि साक्षी जुळत नसत, तेथे शिवेची परीक्षा माणसाच्या पायांनी होई. एक जण शपथ घेऊन, डोक्यावर मातीचे ढेकूळ ठेवून, आठवणीप्रमाणे शीव चालून दाखवी. तो ज्या वाटेने जाई ती शीव ठरे.

हे काम बहुधा कोणाकडे येत असे? अनेक गावांत ते महार वतनदाराकडे येई. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले, ज्याची सावलीही टाळली, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरे. ही आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांची गोष्ट आहे. तिच्याकडे आपण पुढे परत येऊ.

मेर सरकविणाऱ्याला शाप देण्याची रीत आपल्याकडेही होती. शिलाहार राजांच्या काळातील दानाच्या दगडांवर चंद्र-सूर्य कोरलेले दिसतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान टिकावे आणि ते मोडणाऱ्याला शाप लागावा, असा त्यांचा अर्थ. अलिबागजवळ आक्षी येथील शिलालेख मराठीतील अतिप्राचीन लेखांपैकी एक आहे. तो इ. स. १०१२ चा मानला जातो. त्यातही दान मोडणाऱ्याला शाप आहे. म्हणजे आपली भाषा दगडावर लिहिली जाऊ लागली तेव्हाच तिला हे सांगावे लागले की दुसऱ्याची जमीन बळकावू नका.

आज दगडांवर शाप कोरले जात नाहीत. मोजणी होते, नकाशा मिळतो, सातबारा निघतो. तरीही बांध कोरणे थांबलेले नाही. नांगराच्या एका तासाने दरवर्षी वीतभर. पुण्याच्या आसपास जमिनीला जो भाव आला आहे, त्यामुळे ही वीतसुद्धा लाखांची झाली आहे. वहिवाटीच्या वाटेवर तारेचे कुंपण पडते आणि मागच्या शेतकऱ्याची बैलगाडी अडते. सख्खे भाऊ तालुक्याच्या कोर्टात एकमेकांकडे पाठ करून बसतात. तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. हद्द पाळणे हा धर्म आहे. जो आपली हद्द गुपचूप पुढे सरकवितो तो केवळ माती चोरत नाही. तो शेजाऱ्याचा विश्वास चोरतो.

मात्र निवाड्याचा कागद तंटा थांबवितो, वैर थांबवीत नाही. वैर थांबायला कोणाला तरी स्वतःहून मागे सरावे लागते. जेधे आणि बांदल ही शेजारची घराणी एकेकाळी एकमेकांच्या विरोधात उभी होती. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले असता बांदलांच्या माणसांनी खिंड अडवून धरली आणि हिरडस मावळचे बाजीप्रभू देशपांडे तेथे धारातीर्थी पडले. त्यानंतर मानाचे पहिले पान जेध्यांकडून बांदलांना देण्यात आले आणि जेध्यांनी ते मान्य केले, असे परंपरेत सांगितले जाते. मावळात मानापायी पिढ्यान्‌पिढ्या तलवारी निघत. अशा ठिकाणी शेजाऱ्याचे रक्त आपल्या मानापेक्षा मोठे आहे हे ओळखणे ही लहान गोष्ट नव्हती.

हद्दीमागे लपणारा

आता दुसरी बाजू. हद्दीचा एक गुन्हेगार ती पुढे सरकविणारा. दुसरा गुन्हेगार हद्दीमागे लपणारा. पहिल्याला सगळे ओळखतात. दुसरा मात्र सभ्य असतो, कायद्याने वागतो, आणि त्याच्याकडे नेहमी एक वाक्य तयार असते. "ते आमच्यात येत नाही."

यहोशवाच्या त्या दोन याद्या याच माणसाशी बोलतात असे आम्हाला वाटते. शिवेवरच्या बेथ-अराबा या लहानशा गावाकडे पाहा. पंधराव्या अध्यायाच्या एकसष्टाव्या वचनात ते यहूदाच्या गावांत मोजले आहे. अठराव्या अध्यायाच्या बाविसाव्या वचनात तेच गाव बन्यामीनच्या गावांत मोजले आहे. किर्याथ-यारीमचेही असेच. ते यहूदाच्या यादीत आहे आणि बन्यामीनच्या यादीतही त्याचा उल्लेख दिसतो. अभ्यासक याची कारणे सांगतात. या याद्या वेगवेगळ्या काळांतील असाव्यात. मधल्या काळात शीव थोडी इकडेतिकडे झाली असावी. ते खरे असेल. तरीही ज्यांनी हे पुस्तक आजच्या रूपात आपल्या हाती दिले, त्यांनी एका यादीतून ते गाव खोडले नाही. शिवेवरचे गाव दोघांचेही राहू दिले.

यरुशलेमची गोष्ट आणखी बोलकी आहे. शीव त्या नगराच्या दक्षिण उतारावरून जाते, म्हणून नगर बन्यामीनकडे येते. तेथील यबूसी लोकांना घालविता आले नाही याचा दोष यहोशवाच्या पंधराव्या अध्यायात यहूदावर येतो. शास्त्याच्या पहिल्या अध्यायात तोच दोष बन्यामीनवर येतो. आपल्याकडच्या दोन कचेऱ्या असत्या तर प्रत्येकीने दुसरीकडे बोट दाखविले असते. पवित्र शास्त्र मात्र दोघांनाही विचारते.

आणि किर्याथ-यारीम? पलिष्ट्यांच्या हातून कराराचा कोश परत आला, तेव्हा बेथ-शेमेशच्या लोकांना तो आपल्याकडे ठेवण्याची भीती वाटली. त्यांनी किर्याथ-यारीमला निरोप धाडला. कोश तेथे एका घरात नेण्यात आला आणि तो वीस वर्षे तेथे होता असे शमुवेलाचे पहिले पुस्तक सांगते. देवाच्या सान्निध्याची खूण इतकी वर्षे राहिली ती शिवेवरच्या गावात.

मोजणी कशासाठी?

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात एक विलक्षण नियम आहे. समजा, उघड्या रानात एखाद्याचे प्रेत आढळले. मारेकरी कोण, ठाऊक नाही. तेव्हा वडील मंडळींनी व न्यायाधीशांनी तेथे जायचे आणि प्रेतापासून भोवतालच्या गावांचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळ निघेल, त्या गावच्या वडील मंडळींनी पुढे यायचे. त्यांनी जूं न लावलेली कालवड वाहत्या पाण्याच्या, नांगर न लागलेल्या खोऱ्यात न्यायची, तिची मान मोडायची, तिच्यावर आपले हात धुवायचे आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडले नाही असे सांगून देवाकडे क्षमा मागायची.

हा विधी आपल्याला आज परका वाटेल. पण त्यामागचा विचार पाहा. येथेही मोजणी होते. आपण मोजणी करतो ती बहुधा जबाबदारी झटकण्यासाठी. प्रेत आपल्या हद्दीत नाही ना, एवढे पाहण्यासाठी. येथे मोजणी होते ती कोणी पुढे यायचे हे ठरविण्यासाठी. ज्यांनी मारले नाही त्यांनीही यायचे, कारण ते जवळ आहेत. पुढे पिलातानेही हात धुतले. पण तो हात धुऊन मोकळा झाला. गावची वडील मंडळी आधी प्रेताजवळ जातात, आपला नंबर लागला हे मान्य करतात, आणि मग हात धुतात.

आपल्या खेड्यांतही असा एक रिवाज होता. गावात चोरी झाली की रामोशी, जागले चोराचा माग काढीत. पावलांचे ठसे शिवेपर्यंत नेले की तो माग पुढच्या गावाच्या हवाली केला जाई. तो पुढच्या गावाने स्वीकारायचा आणि आपल्या शिवेपर्यंत न्यायचा. माग ज्या शिवारात हरवेल त्या गावावर नुकसान भरून देण्याची जबाबदारी येई. शीव ही हात झटकण्याची जागा नव्हती. काम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देण्याची ती जागा होती.

अदुम्मीमची चढण

आता त्या शिवेवरच्या आणखी एका खुणेकडे येऊ. बोहनच्या शिलेजवळच अदुम्मीमची चढण सांगितली आहे. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा जुना रस्ता याच चढणीवरून जातो. अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. म्हणजे हजार मीटरचा उतार, दोन्ही बाजूंना उजाड डोंगर. अदुम्मीम या नावात लाल रंगाचा अर्थ आहे. तेथील खडकही तांबूस आहेत. संत जेरोम यांनी मात्र या नावाचा संबंध वाटमाऱ्यांनी सांडलेल्या रक्ताशी जोडला.

आता आपल्या लक्षात आलेच असेल. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला दाखला याच रस्त्यावरचा आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस लुटारूंच्या हाती सापडला आणि अर्धमेला पडला, तो रस्ता यहूदा आणि बन्यामीन यांच्या जुन्या शिवेला लागून होता. प्रभूच्या काळी वंशांच्या त्या शिवांना कारभारात अर्थ उरलेला नव्हता. पण शीव जाते आणि शिवेची मनोवृत्ती राहते. याजक आला, बाजूने गेला. लेवी आला, बाजूने गेला.

दाखला सांगण्यास निमित्त झालेला प्रश्न आपणा सर्वांना पाठ आहे. माझा शेजारी कोण, असे शास्त्री विचारतो. नीट पाहिले तर तो मोजणी मागत आहे. प्रीती कोठपर्यंत करायची, दगड कोठे रोवायचा, तेवढे सांगा. त्याच्या आत मी सर्व करीन. प्रभू त्याला दगड रोवून देत नाही. उलट त्यालाच विचारतो की त्या पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला? आणि उत्तर येते ते एका शोमरोन्याचे, जो कोणाच्याच यादीत नव्हता.

ज्यांनी वरंधा घाटाने प्रवास केला आहे त्यांना ही जागा डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. एकाकी वळणे, पावसाळ्यात दरडी, मदत दूर. घाटात गाडी दरीत गेली, तर ती कोणत्या तालुक्यात पडली हे पडलेल्याला कसे कळावे? तळिये हे महाड तालुक्यातील गाव. २२ जुलै २०२१ रोजी तेथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. त्या वेळी धावून जाणाऱ्याने आधी नकाशा काढावा असे कोणीही म्हणणार नाही.

पण आपल्या देशात अपघात पाहून पुढे निघून जाण्याचे एक कारण भीती हेही होते. पोलीस चौकशी, कोर्टाच्या खेपा, दवाखान्यातील प्रश्न. म्हणून ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना कायद्याचे बळ दिले. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने कलम १३४-अ आणले. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर आता त्या मदतीबद्दल खटला भरता येत नाही. या कायद्याने अशा माणसाला दिलेले नाव आहे 'गुड समारिटन', म्हणजे आपला दयाळू शोमरोनी. तसेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची खबर पोलीस ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. हद्दीचा प्रश्न मागाहून. अदुम्मीमच्या चढणीवरचा विचार दोन हजार वर्षांनी आपल्या कायद्याच्या पुस्तकात आला आहे. आता "पोलिसांची कटकट नको" हे कारण आपल्याजवळ उरलेले नाही.

मग जबाबदारीला अंत नाही काय?

येथे कोणी प्रामाणिकपणे विचारील, "सगळेच माझे शेजारी असतील तर मी कोणाकोणाकडे पाहू? मला माझे घर आहे, नोकरी आहे, आजारी माणूस घरात आहे." ही पळवाट नव्हे. हा खरा प्रश्न आहे. सगळ्यांची जबाबदारी ती कोणाचीच नाही, हेही आपण रोज पाहतो.

या प्रश्नाचे उत्तर त्या दाखल्यातच आहे. आपण बहुधा तेथपर्यंत पोहोचण्याआधीच भारावून जातो. शोमरोन्याने काय केले ते मोजून पाहू. त्याने जखमा बांधल्या. जखमीला आपल्या जनावरावर बसविले. एक रात्र त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले. आणि तो आपल्या वाटेने गेला. त्याने आपला प्रवास सोडला नाही, आपला धंदा मोडला नाही, जगातील सर्व जखमींची यादी केली नाही. वाटेत जो पडला होता, त्याच्यासाठी जे हाताशी होते ते त्याने केले, उरलेले काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपविले, आणि परत येण्याचा शब्द दिला.

म्हणजे त्याच्या दयेलाही माप होते. पण ते माप त्याने जखमीजवळ गेल्यावर घेतले. याजक आणि लेवी यांनी ते लांबूनच घेतले. आपल्या हद्दी आपल्याला हव्यात. त्यांच्याशिवाय कोणतेच काम कोणाच्या नावावर राहणार नाही. फक्त माणसाजवळ जाण्याआधी हद्द काढायची नाही.

दोन याद्यांतली आई

आता घरी येऊ. जमिनीची वाटणी होते तेव्हा प्रत्येक गुंठ्याचा हिशेब लागतो. विहिरीचे पाणी कोणी कोणत्या वारी घ्यायचे, आंब्याचे झाड कोणाकडे, गोठा कोणाकडे, सारे कागदावर येते. आई मात्र कोणाच्याच कागदावर नसते. थोरला म्हणतो, "धाकट्याला घराची जागा जास्त गेली, आईला त्याने पाहावे." धाकटा म्हणतो, "थोरल्याची मुले कमावती आहेत." मुलगी सासरी, तिचे नाव वाटणीत धरलेले नसते, पण दुखण्याखुपण्याला तिचीच आठवण होते. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी आपल्या देशात २००७ चा कायदा आहे. पण आईने मुलांविरुद्ध अर्ज करावा अशी वेळ येण्याआधीच कुटुंबातील बरेच काही मोडलेले असते.

बेथ-अराबा हे गाव दोन्ही याद्यांत होते. आपली आई दोन्ही मुलांच्या यादीत असावी, आणि मुलीच्याही. दोघांचे मिळून एक नव्हे, प्रत्येकाची पुरती. एकाने केले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही.

धर्मग्रामातही हेच आहे. आपले विभाग आहेत, विभागांचे प्रमुख आहेत, आजाऱ्यांच्या भेटीच्या याद्या आहेत. काम नीट व्हावे म्हणून त्या केल्या आहेत आणि त्या हव्यातच. पण दोन विभागांच्या मधल्या गल्लीत राहणारे एखादे म्हातारे जोडपे कोणत्या यादीत आहे? कामासाठी दुसऱ्या राज्यातून आलेले, मागच्या बाकावर बसून मिस्सा ऐकणारे, मराठी नीट न कळणारे कुटुंब कोणाकडे आहे? धरणात गाव गेले म्हणून दुसरीकडे येऊन वसलेला माणूस किती वर्षे "बाहेरचा" राहतो? निरा-देवघरच्या पाण्याखाली जुने बांध बुडाले; त्या पाण्यावर खालची शिवारे पिकतात. ज्याची शीवच पाण्याखाली गेली, त्याला कोणत्या शिवेच्या आत घ्यायचे, हे आता शेजाऱ्यांनी ठरवायचे असते.

वेशीबाहेरचा साक्षी

मघाशी आपण डोक्यावर माती घेऊन शीव चालणाऱ्या माणसाची गोष्ट अर्धी सोडली होती. गावाने त्याला साक्षी म्हणून मानले, शेजारी म्हणून मानले नाही. हद्द कोठे आहे हे सांगायला तो हवा होता. हद्दीच्या आत राहायला नको होता. यापेक्षा मोठा विसंवाद शोधून सापडणार नाही.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात म्हटले आहे की येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसले, आणि आपणही त्याच्याकडे वेशीबाहेर जावे. आपण क्रुसाची वाट करतो तेव्हा ही गोष्ट सहज विसरतो, की ती वाट गावातून बाहेर जाणारी आहे. प्रभू आपल्याला भेटतो तो आपल्या हद्दीच्या मधोमध कमी आणि शिवेवर अधिक. कोश शिवेवरच्या गावात होता. जखमी शिवेवरच्या रस्त्यात होता. क्रूस वेशीबाहेर होता.

या आठवड्यासाठी आम्ही दोनच गोष्टी सुचवितो. ज्यांचा शेजाऱ्याशी किंवा भावाशी बांधाचा वाद चालू आहे, त्यांनी कागद पुन्हा एकदा स्वच्छ मनाने पाहावा, आणि वीतभर जरी आपल्याकडे जास्त आली असली तरी ती परत करावी. आणि प्रत्येक विभागाने आपल्या यादीच्या शेवटी एक ओळ मोकळी ठेवावी. शेजारच्या विभागाच्या सीमेवर राहणारे, कोणाच्याच यादीत नसलेले एक नाव शोधून तेथे लिहावे. तेच नाव शेजारच्या विभागानेही आपल्या यादीत लिहिले तर कोणीही ते खोडू नये.